जुनी बे विंडो कॅम्पर खाली घ्यायची आहे? आधी पद्धत नीट निवडा

फोक्सवॅगनची जुनी कॅम्पर दारात उभी राहिली की पहिला उन्हाळा संपायच्या आत बहुतेक मालकांच्या मनात एक इच्छा घर करते: गाडी दोन-तीन इंच खाली बसली तर काय देखणी दिसेल! दिसतेच. चाकाची कमान आणि टायर यांच्यातली पोकळी भरली की या गाडीचा सगळा आकार बदलतो. गुरुत्वमध्य खाली आल्यामुळे वळणावर ती कमी कलते, आडव्या वाऱ्यात कमी हेलकावते. मला खाली बसलेली बे विंडो, म्हणजे या कॅम्परचं सत्तरच्या दशकातलं रूप, मनापासून आवडते, म्हणून ती चुकीच्या पद्धतीने खाली घेतलेली पाहिली की जीव तुटतो. अशा गाडीत प्रत्येक खड्डा कमरेला बसतो, टायर आतल्या कडेने झिजून जातात आणि सुट्टीचं सामान भरल्यावर मागचा भाग बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर जिथे थांबतं त्या रबरी ठोकळ्यावर, टेकून चालतो.

हे लिखाण ज्यांनी नुकतीच अशी गाडी घेतली आहे त्यांच्यासाठी आहे. ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी दरवर्षी या नादाला लागतं. स्वतः पाना हातात घेणार असाल किंवा गॅरेजला देणार असाल, निर्णय तुम्हालाच करायचा आहे. गॅरेजवाला विचारतो, 'किती खाली?' त्याआधी 'कशाने खाली?' हे ठरलेलं असलं पाहिजे.

पहिली पायरी: आपली गाडी नेमकी कोणती

इथे मी बे विंडोबद्दल बोलतो आहे. पुढे एकसंध वाकलेली मोठी काच असलेली ही गाडी जर्मनीत ऑगस्ट १९६७ पासून १९७९ पर्यंत बनली. ब्राझीलमध्ये तिचंच भावंड 'कोंबी' नावाने २०१३ पर्यंत बनत होतं. या गाडीत पुढे-मागे दोन्हीकडे टॉर्शन सस्पेन्शन आहे आणि मागची चाकं स्वतंत्र आहेत.

त्याआधीची दोन काचांची स्प्लिट स्क्रीन असेल तर गोष्ट वेगळी. तिच्या पुढच्या बाजूला किंगपिन-लिंकपिन आहेत, मागे स्विंग ॲक्सल आणि चाकाजवळ रिडक्शन गिअरबॉक्स आहेत. ते डबे काढून सरळ ॲक्सल घातला की मागचा भाग आपोआप बराच खाली येतो, पण गिअरचं गुणोत्तर बदलतं आणि डबे गेल्याने चाकांच्या फिरण्याची दिशा उलटते, त्यामुळे गिअरबॉक्सचं कामही करावं लागतं. ते नवशिक्याने हाताळण्याजोगं नाही.

१९७९ नंतरची चौकोनी गाडी, म्हणजे टी-थ्री, जिला ब्रिटनमध्ये टी-ट्वेंटीफाइव्ह म्हणतात, ती सर्वांत सोपी. तिला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत. चाळीस किंवा साठ मिलिमीटरने आखूड स्प्रिंगांचा संच मिळतो, तो बसवायचा, त्याला साजेसे शॉक ॲब्झॉर्बर (शॉक) लावायचे, अलाइनमेंट करायची, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायचे. एकच काळजी घ्या: संच रिकाम्या पॅनेल व्हॅनचा आहे की कॅम्परचा, हे विकत घेण्याआधी विचारा. पलंग, ओटा, शेगडी आणि वर उचलणारं छप्पर यांचं वजन सतत अंगावर असलेल्या गाडीला व्हॅनचे स्प्रिंग पुरत नाहीत.

बे मध्येही वर्ष बघा. १९७१ च्या मॉडेलपासून पुढे डिस्क ब्रेक आले आणि चाकाच्या बोल्टची मांडणी ५×२०५ वरून ५×११२ झाली, म्हणजे पाच बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास २०५ वरून ११२ मिलिमीटर झाला. स्पिंडल (ज्या भागावर पुढचं चाक फिरतं तो) आणि चाकं मागवताना हा फरक ध्यानात घेतला नाही तर खोका परत पाठवावा लागतो.

दुसरी पायरी: भरलेल्या गाडीचं माप घ्या

ही पायरी बहुतेक लोक वगळतात आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच आहे. कॅम्पर रिकामी कधी चालत नाही. म्हणून माप घेण्याआधी पाण्याची टाकी भरा, गॅसची टाकी जागेवर ठेवा, अंथरुणं, भांडी, तंबू, खुर्च्या सगळं टाका, पेट्रोल भरा आणि शक्य असेल तर प्रवासाला जेवढी माणसं असतात तेवढी आत बसवा. गाडी थोडी पुढे-मागे करून सपाट फरशीवर उभी करा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी स्थिरावेल.

मग चार मापं लिहून ठेवा: प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वर कमानीच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा आणि फरशीचा उतार हिशेबात शिरतो; मध्यबिंदूपासून मोजलं की फक्त सस्पेन्शन मोजलं जातं. डावं-उजवं माप वेगळं निघालं तर घाबरू नका, पन्नास वर्षांच्या गाडीत ते होतं. पण तो फरक खाली घेण्याच्या कामातच दुरुस्त करायचा आहे, म्हणून आत्ताच नोंदवा.

पाचवं माप जमिनीपासून गाडीच्या सगळ्यांत खालच्या बिंदूपर्यंतचं. पुढे तो बहुधा बीमची, म्हणजे पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या आडव्या नळ्यांच्या जोडीची, खालची नळी असते, मागे इंजिनाखालचा सायलेन्सर किंवा हीट एक्स्चेंजर. कॅम्परमध्ये मात्र खाली लटकणारी सांडपाण्याची टाकी किंवा तिचा नळ या दोघांच्याही खाली आलेला असू शकतो. ब्रिटनमध्ये रस्त्यावरचा गतिरोधक २५ ते १०० मिलिमीटर उंच असू शकतो. म्हणजे १०० हा आकडा धरून चाला आणि त्यावर सस्पेन्शन दबायला जागा सोडा. या गाडीत चालक पुढच्या चाकाच्या वर बसतो, त्यामुळे नाक चाकाच्या पुढे बाहेर आलेलं असतं; फेरीबोटीच्या उतरणीवर आधी ते नाक घासतं, मग बाकीचं.

मागचा-पुढचा कलही याच वेळी मोजा. बे चा व्हीलबेस २४०० मिलिमीटर आहे. पुढचा भाग मागच्यापेक्षा ५० मिलिमीटर जास्त खाली घेतला की गाडी सव्वा अंशाच्या आसपास पुढे झुकते. फोटोत ते छान दिसतं. पण गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रीज सपाट जागी नीट चालतो, ओट्यावरच्या बेसिनमधलं पाणी भोकाकडे जायला हवं असतं, आणि झोपताना डोकं पायांपेक्षा खाली गेलं तर सकाळी कळतं. ज्या गाडीत रात्र काढायची ती मी नेहमी जवळजवळ सपाट ठेवायला सांगतो.

तिसरी पायरी: आत काय चाललंय ते समजून घ्या

मागच्या बाजूला दोन्ही चाकांसाठी एकेक गोल पोलादी दांडा आडवा बसवलेला आहे. त्याचं आतलं टोक गाडीच्या मध्यावर घट्ट धरलेलं, बाहेरच्या टोकाला स्प्रिंग प्लेट नावाचं जाड पातं. चाक वर गेलं की ते पातं दांड्याला पिळतं, ओलं फडकं पिळावं तसं, आणि दांडा उलट पीळ घेऊन चाक खाली ढकलतो. पुढे दोन आडव्या नळ्यांचा बीम आहे. प्रत्येक नळीत पोलादी पात्यांचा जुडगा असतो. तो मध्यभागी स्क्रूने पकडलेला असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना मागे जाणारे हात असतात. त्या हातांच्या टोकाला बॉल जॉइंट, त्यावर स्पिंडल, त्यावर चाक.

हे चित्र डोळ्यांसमोर आलं की बाजारातल्या सगळ्या पद्धती दोन गटांत पडतात.

पहिल्या गटात चाक सस्पेन्शनच्या तुलनेत वर सरकवलं जातं. स्प्रिंग, हात, शॉक, बंप स्टॉप सगळं कारखान्याने ठेवलं त्याच कोनात राहतं. दबण्याची जागा तेवढीच उरते, म्हणून गाडीची चाल जवळपास मूळच राहते.

दुसऱ्या गटात स्प्रिंगचा विसाव्याचा कोन फिरवला जातो. गाडी खाली येते, पण जेवढी खाली आली तेवढी दबण्याची जागा खर्च झाली. मूळची चार इंच जागा असेल आणि त्यातली अडीच आधीच वापरली, तर खड्ड्यासाठी दीडच उरली. त्यात सामान भरलं की तीही जाते.

भरलेल्या कॅम्परसाठी माझं मत ठाम आहे: जेवढं काम पहिल्या गटाने होईल तेवढं त्यानेच करा, आणि दुसरा गट फक्त शेवटचा अर्धा-पाऊण इंच जुळवण्यासाठी ठेवा.

चौथी पायरी: पुढची बाजू

ड्रॉप स्पिंडल हा पहिल्या गटातला पर्याय. मूळ स्पिंडल काढून त्याजागी असा स्पिंडल लावायचा ज्यावर चाकाचा आस अडीच-तीन इंच वर बसवलेला आहे. बॉल जॉइंट, हात आणि टाय रॉड सगळे आपल्या मूळ कोनात राहतात, त्यामुळे खड्ड्यात चाक वरखाली होताना स्टिअरिंग आपोआप वळण्याचा प्रकार, ज्याला बंप स्टीअर म्हणतात, वाढत नाही. मूळ लांबीचे शॉक चालतात. चासीला हात लावावा लागत नाही, उद्या पुन्हा उंच करायची झाली तर जुने स्पिंडल परत लावता येतात. म्हणून जुने स्पिंडल टाकू नका, तेल लावून गुंडाळून ठेवा.

याच्या उणिवाही आहेत. अनेक ड्रॉप स्पिंडलमुळे पुढची चाकं थोडी बाहेर येतात आणि पूर्ण वळणावर टायर कमानीला घासू शकतो. काही स्पिंडलचा खालचा भाग १४ इंची रिमच्या आत बसत नाही, त्यांना १५ इंची चाकं लागतात. मागवण्याआधी 'कमीत कमी कोणती रिम, कोणता ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप)' हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. आणि ओतीव लोखंड जोडून बनवलेले, वेल्डची रेघ दिसणारे स्वस्त स्पिंडल घेऊ नका. या एका सुट्या भागावर चाक, ब्रेक आणि स्टिअरिंग तिन्ही टांगलेले असतात.

बीम ॲडजस्टर हा दुसऱ्या गटातला पर्याय. नळीच्या मध्यावर जिथे पात्यांचा जुडगा पकडलेला असतो तो तुकडा कापून त्याजागी फिरवता येणारा, दात्यांचा किंवा बोल्टचा तुकडा वेल्ड करतात. मग पाना फिरवून उंची कमी-जास्त करता येते. हे सोयीचं आहे यात शंका नाही. पण वेल्डिंग करताना पाती नळीतून बाहेर काढलेलीच हवीत. उष्णतेने त्यांचं पाणी उतरलं की ती स्प्रिंग राहत नाहीत. वेल्डच्या ओढीने नळी किंचित वाकली तर हात जड फिरतात आणि पुढची अलाइनमेंट कधीच जुळत नाही. म्हणून ॲडजस्टर हवेच असतील तर आधीच बसवून, तपासून विकला जाणारा पूर्ण बीम घ्या आणि आपला जुना बीम बाजूला ठेवा.

ॲडजस्टर जास्त फिरवले की आणखी एक अडचण उभी राहते. हात वर उचलले गेल्याने बॉल जॉइंट आपल्या हालचालीच्या टोकाला पोचतो आणि चाक पूर्ण दबताना तो अडकतो. बे च्या बॉल जॉइंटला मर्यादित कोनच झेपतो. अडकलेला बॉल जॉइंट मोठ्या खड्ड्यात तुटू शकतो. शॉकही विसाव्यातच अर्धवट दबलेला असतो, त्यामुळे आखूड शॉक लावावे लागतात. तसे न लावल्यास बंप स्टॉपच्या आधी शॉकच तळाला आपटतो आणि त्याची पकड तुटते.

पात्यांच्या जुडग्यातली काही पाती काढून टाकायची ही जुनी युक्ती अजूनही सांगितली जाते. फुकटात होते, हे खरं. पण त्याने गाडी खाली येते ती स्प्रिंग अशक्त होऊन. पुढच्या सीटवर दोन माणसं आणि त्यांच्या पुढे फक्त पत्रा, अशा गाडीत ब्रेक दाबल्यावर नाक किती झुकावं याला काही धरबंध राहत नाही. हे करू नका.

अरुंद बीमचंही नाव ऐकायला मिळेल. तो गाडी खाली आणत नाही, चाकं आत घेतो. फार खाली घेतलेल्या गाडीत टायर कमानीच्या आत जावा म्हणून तो लागतो. त्यापाठोपाठ टाय रॉडसाठी चासी कापावी लागते. पहिल्याच गाडीवर त्या वाटेला जायची गरज नाही.

तर पुढच्या बाजूसाठी माझी निवड: अडीच इंची ड्रॉप स्पिंडल, चांगले नवे शॉक, आणि काम उघडलंच आहे तर बॉल जॉइंट, बीमची सुई बेअरिंग, हातांची सील तपासून घेणं. बीममध्ये झीज असेल तर गाडी खाली घेतल्यावर ती स्टिअरिंगमध्ये आणखी जाणवते.

पाचवी पायरी: मागची बाजू

मागे पहिल्या गटातला पर्याय म्हणजे हॉर्सशू प्लेट, घोड्याच्या नालेच्या आकाराची जाड पट्टी. स्प्रिंग प्लेट आणि चाक धरणारा तिरका हात यांच्या जोडावर ती बसते आणि चाक दोन-अडीच इंच वर नेते. टॉर्शन दांड्याला हात लावावा लागत नाही, मूळ स्प्रिंग आपलं सगळं बळ राखून असते. भारी सामान वाहणाऱ्या कॅम्परला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. प्लेट बसवल्यावर ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि शॉक कुठे घासत नाहीत ना, हे चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना आणि पूर्ण वर दाबून असं दोन्हीकडे तपासा.

दुसरा मार्ग टॉर्शन दांडा फिरवण्याचा, आणि इथे थोडं गणित आहे ते समजलं तर मजा येते. दांड्याच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेरचा एक दाता म्हणजे जवळपास ८ अंश १० मिनिटं. नुसता बाहेरचा एक दाता फिरवला तर चाकाशी दोन ते अडीच इंचांचा फरक पडतो. पण आतला एक दाता एका दिशेने आणि बाहेरचा एक दाता उलट दिशेने फिरवला, तर निव्वळ फरक पाऊण अंशाच्या थोडा वर उरतो, म्हणजे चाकाशी सुमारे पाव इंच. दोन्हींकडे दात्यांची संख्या वेगळी ठेवण्यामागे हाच हेतू आहे: बारीक जुळवणी करता यावी. डावी-उजवी बाजू सारखी करायला हीच युक्ती कामी येते. ॲडजस्टेबल स्प्रिंग प्लेटही मिळते, तिच्यात हे काम बोल्ट फिरवून होतं. तीही चांगली, फक्त तिचा वापर मर्यादेत ठेवा.

दांड्याचं काम स्वतः करणार असाल तर पुढचं लक्षपूर्वक वाचा, कारण इथे लोकांचे हात मोडले आहेत.

गाडी ॲक्सल स्टँडवर पक्की ठेवा, चाक काढा. स्प्रिंग प्लेट आणि तिरका हात यांच्या जोडावर तीक्ष्ण छिन्नीने दोन्हींवर मिळून एक रेघ मारा. परत जोडताना ही रेघ जुळली की चाकाचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाक आत-बाहेर किती वळलेलं आहे तो कोन, बिघडत नाही. दुसरी खूण स्प्रिंग प्लेटच्या काठाला लागून दांड्याच्या घरावर करा, म्हणजे मूळ कोन कळेल. मग जोडाचे बोल्ट काढा, तिरका हात मोकळा करा.

आता स्प्रिंग प्लेट एका ओतीव थांब्यावर टेकलेली असते आणि दांड्यात पीळ शिल्लक असतो. तिच्या टोकाखाली जॅक लावा, जॅक आणि प्लेट यांना जाड साखळीने बांधा, मगच कव्हरचे चार बोल्ट सोडा. कव्हर निघाल्यावर जॅकने प्लेट थोडी वर उचला, टॉमीने (लोखंडी पहारीने) बाहेर ओढून थांब्यावरून सोडवा आणि जॅक हळूहळू खाली घ्या. ती थांब्यावरून सुटते त्या क्षणी तिच्या खाली, समोर किंवा वाटेत हात, पाय, तोंड काहीही असता कामा नये. पीळ संपल्यावर ती लुळी लोंबते. तेव्हाच हात लावा.

डावा आणि उजवा दांडा अदलाबदल करू नका. दोन्हींवर खूण असते आणि कारखान्यात त्यांना एकाच दिशेने ताण देऊन तयार केलेलं असतं. दांड्यावर ओरखडा किंवा गंजाचा खड्डा दिसला तर तो दांडा परत घालू नका, पिळाखाली तिथूनच तडा जातो. रंग शाबूत ठेवा, दात्यांना ग्रीस लावा. रबरी बुश नवे घ्या आणि त्यांना टाल्कम पावडर लावा, ग्रीस नको. परत लावताना नवा रबर इतका जाड असतो की कव्हरचे मूळ बोल्ट पोचतच नाहीत. समोरासमोरच्या दोन भोकांत आधी लांब बोल्ट घालून कव्हर दाबत आणा, मग एकेक करून मूळ बोल्ट लावा.

मागचा भाग खाली आला की चाकांचा वरचा भाग आत कलतो, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो. दोन-अडीच इंचांपर्यंत ते सोसवतं, त्याहून खाली टायरची आतली कड लवकर संपते. चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचे (कोनात राहूनही फिरणाऱ्या सांध्यांचे) कोनही बदलतात. जॉइंट उघडेच आहेत तर साफ करून नवं ग्रीस भरा.

हवेच्या सस्पेन्शनबद्दल थोडंसं

एअर बॅग लावून बटणावर गाडी वरखाली करता येते. मुक्कामाच्या ठिकाणी गाडी सपाट करणं सोपं होतं, फेरीबोटीच्या उतरणीवर उंच करता येते. कॅम्परला याचा खरा उपयोग आहे. पण कंप्रेसर, टाकी, झडपा, नळ्या, विजेची जोडणी एवढं सगळं वाढतं, आणि यातलं काही रस्त्यात बिघडलं तर गाडी जमिनीवर बसते. पहिली दोन-तीन वर्षं साध्या पद्धतीवर काढून मग विचार करा.

सहावी पायरी: टायर

गाडी खाली दिसण्यात टायरचाही वाटा असतो आणि सगळ्यांत धोक्याची चूक इथेच होते. मूळ टायर १८५ आर १४ सी, म्हणजे व्यापारी वाहनाचा, जाड भिंतीचा. लोक त्याजागी मोटारीचा दिसायला देखणा टायर घालतात आणि त्याची वजन पेलण्याची क्षमता बघतच नाहीत.

गाडीवरच्या निर्मात्याच्या पट्टीवर पुढच्या आणि मागच्या आसाचं कमाल वजन लिहिलेलं असतं. समजा मागच्या आसासाठी १२७० किलो लिहिलं आहे. प्रत्येक टायरवर ६३५ किलो येणार. टायरच्या कडेवर आकारानंतर जो आकडा असतो तो लोड इंडेक्स: ९१ म्हणजे ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो, १०२ म्हणजे ८५० किलो. म्हणजे या उदाहरणात ९१ चा टायर कागदावरच नापास, ९५ चा जेमतेम पुरतो. मी थोडा वाव सोडायचं सुचवतो, ९७ किंवा त्याहून वर.

उंचीचा हिशेबही करून घ्या. १८५ आर १४ चा व्यास सुमारे ६५० मिलिमीटर. १९५/६५ आर १५ चा सुमारे ६३५. व्यासात १५ मिलिमीटर कमी म्हणजे गाडी साडेसात मिलिमीटर खाली आली. स्पीडोमीटर आता खऱ्या वेगापेक्षा सव्वादोन ते अडीच टक्के जास्त दाखवेल, ते चालतं. पण त्याहून फार लहान टायर घातला तर आधीच दमणारं इंजिन मोटरवेवर आणखी जास्त फेऱ्यांवर ओरडत राहील.

सातवी पायरी: कायदा आणि विमा

हे काम पाने हातात घेण्याआधी करायचं आहे. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाडीला एमओटी तपासणीतून, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे बघणाऱ्या वार्षिक तपासणीतून, सूट मिळते, पण गेल्या ३० वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. सस्पेन्शनचा प्रकारच बदलणं हे मोठ्या बदलात मोडतं. टॉर्शनच ठेवून स्पिंडल बदलणं आणि टॉर्शन काढून कॉइल किंवा हवेचं सस्पेन्शन लावणं, या दोन गोष्टी त्या दृष्टीने वेगळ्या ठरतात. सूट असो वा नसो, काम झाल्यावर एकदा एमओटी करून घ्या. तिसऱ्या माणसाच्या नजरेला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर निघाला तर दावा अडकतो.

जर्मनीत नियम कडक आहेत. सुट्या भागाला तपासणी प्रमाणपत्र हवं, तपासणी करून ते गाडीच्या कागदपत्रांवर नोंदवावं लागतं. जुन्या गाडीची एच नंबरप्लेट असेल तर तपासनीसाशी आधी बोलून घ्या. हेडलाइटच्या खालच्या बाजूची जमिनीपासूनची उंची ५०० मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये, तेही मोजून बघा.

भारतात अशी गाडी बाळगणारे थोडे आहेत, पण आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद कडकपणे लागू केली आहे. तिथे मूळ उंचीतच चांगले शॉक, नवे बुश आणि योग्य टायर एवढंच करा. आपल्याकडचा नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असतो, आणि नियमाप्रमाणे न बांधलेल्यांची उंची कुणी मोजलेली नसते.

आठवी पायरी: काम झाल्यावर

गाडी जमिनीवर उतरवल्यावर लगेच माप घेऊ नका. दोन-चार किलोमीटर हळू चालवा, सस्पेन्शन बसू द्या. मग पुन्हा पूर्ण सामान भरा आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून कमानीपर्यंतची चार मापं घ्या. आधीच्या नोंदीशी ताडून बघा. डाव्या-उजव्यात पाच-सात मिलिमीटरचा फरक राहिला तर चालेल. त्याहून जास्त असेल तर मागे आतल्या-बाहेरच्या दात्यांच्या युक्तीने जुळवा.

त्यानंतर चार चाकांची अलाइनमेंट, आणि तीही सामानासकट. पुढचा कॅम्बर बॉल जॉइंटच्या विकेंद्री बुशने जुळवता येतो, हे अलाइनमेंटवाल्याला सांगा. नव्या मोटारींवर काम करणाऱ्यांना ते बऱ्याचदा माहीत नसतं. गाडी पुढे झुकलेली असेल तर कॅस्टर, म्हणजे चाक सरळ ठेवणारा स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन, कमी होतो आणि वेगात स्टिअरिंग हलकं, भिरभिरतं लागतं. तसं वाटलं तर मागचा भाग थोडा आणखी खाली घ्या किंवा पुढचा थोडा वर करा. हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवा. डिस्क ब्रेकच्या अनेक बे गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर असतो, त्याच्या आत एक गोळी उतारावर सरकते. गाडीचा कल बदलला की तिचं वागणंही बदलतं, म्हणून मोकळ्या जागेत ओल्या आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक मारून चाकं कोणती आधी अडकतात ते बघा.

शेवटी गाडी पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवून, टायर आणि कमान यांच्यामध्ये बोटं घाला. आतल्या कडेला चकाकणारी घासल्याची रेघ दिसली तर ती जागा शोधून काढा. काही शे किलोमीटर चालल्यावर स्पिंडलचे नट, स्प्रिंग प्लेटचे बोल्ट आणि शॉकच्या पकडी पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, टायरच्या आतल्या-बाहेरच्या कडेची खोली मोजा आणि ती नोंद पहिल्या मापांच्याच वहीत लिहा.